पप्पा हिंदी कसे?

चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर माझं मस्कतचं कार्ड बघून तू विचारलंस, पप्पा आपण मराठी, शाळेत लिहितो भारतीय, मग तुमच्या कार्डावर अरबीत 'हिंदी' का, तिथल्या लोकांना एवढं पण कळत नाही का, आणि नेमका कॉल कट झाला. तर ऐक.

इथं हिंदी म्हणजे भाषा नाहीच. हिंद म्हणजे आपला देश आणि हिंदी म्हणजे हिंदचा. तुझ्या भूगोलात हिंदी महासागर आहे बघ, तो काय हिंदी बोलतो होय?

आता हा हिंद आला सिंधू नदीवरनं. इराणी लोकांच्या तोंडात आपल्या 'स'चा 'ह' व्हायचा. आज्जीच्या गावात सप्ताह बसतो आणि आई घराच्या कर्जाचा हप्ता भरते, दोन्हीत मूळ सातच, आपलं सप्त ते त्यांचं हफ्त. तसंच सिंधूचं हिंदू. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दारयवहू राजानं दगडावर कोरून घेतलेल्या मुलखांच्या यादीत 'हिदुश' आहे, तेव्हा ते नुसतं नदीकाठच्या मुलखाचं नाव, धर्माचा काही संबंध नाही. पुढं ग्रीकांनी 'ह' पण गिळला, इंडोस झालं, त्यातनं इंडिया. म्हणजे इंडिया हे नाव इंग्रजांनी ठेवलं असं मामा ठणकावून सांगतो ना, ते काय खरं नाही (तू बोलू नको, मी आल्यावर बघतो त्याच्याकडं). आणि सिंधूचा अर्थ तरी काय, नदी! पावसाळ्यात आज्जी कुठं पंचगंगा म्हणते, "नदी आली" एवढंच म्हणते की.

भारत मात्र वेगळ्या वाटेनं आलं, भरतावरनं. घटनेच्या पहिल्याच कलमात दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत.

कार्डावर राष्ट्रीयत्वाला शब्द आहे जिन्सिया, जिन्स म्हणजे प्रकार. तोच आपल्याकडं जिन्नस झाला, लक्ष्मीपुरीत किराण्याच्या यादीत असतो तो. म्हणजे पप्पा कुठला जिन्नस, तर हिंदी.

परवा आमटीला चिंच आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला तमर हिंदी, तमर म्हणजे खजूर, हिंदचा खजूर म्हणजे चिंच! इंग्रजीतलं टॅमरिंड त्यातलंच. आईला सांग, पुढच्या पार्सलात आज्जीनं फोडून ठेवलेली चिंच घाल, इथल्या चिंचेनं आमटी आंबटच होत नाही.

पप्पा