थेवेनिन काढताना व्होल्टेज सोर्स शॉर्ट का करायचा, आणि कामावर याचा खरंच उपयोग होतो का?

थेवेनिन काढणं म्हणजे दोन टोकांमागचं सगळं सर्किट एक व्होल्टेज सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स एवढ्यावर आणणं; तो रेझिस्टन्स काढताना आतले सोर्स बंद करतात. शॉर्ट का, तर आदर्श व्होल्टेज सोर्समधून कितीही करंट गेला तरी त्याचं व्होल्टेज हलत नाही. म्हणजे त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य, आणि शून्य ओहम म्हणजे सरळ वायर. करंट सोर्स याच्या उलट, तो उघडा ठेवायचा.

पण मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. भोसरीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. आमच्या साहेबांनी २४ व्होल्टच्या सप्लायवर १२ व्होल्टचा रिले (कॉइलने ओढून चालणारा स्विच) चालवायला १-१ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावले आणि मधून टॅप काढला, म्हणजे व्होल्टेज डिव्हायडर केला. रिले काढून मीटर लावला की बरोबर १२ दिसायचे. रिले बसवला की ओढायचाच नाही. त्यांनी रिले बदलला, सॉकेट बदललं, मग वायरमनवर खापर फोडलं. मी जॉबकार्डच्या मागच्या बाजूला मांडलं: उघड्या टोकांवर १२ व्होल्ट. सप्लाय शॉर्ट धरला की दोन्ही रेझिस्टर पॅरलल, म्हणजे ५०० ओहम. कॉइल ४०० ओहमची. मग कॉइलला मिळणार १२ गुणिले ४०० भागिले ९००, म्हणजे ५.३ व्होल्ट. ओढायला तिला साधारण ९ लागतात. रिले लावून मोजलं, ५.३ च आले. साहेब म्हणाले, “ही कॉलेजची गणितं इथे नकोत.”

का नकोत? थेवेनिन स्वतः फ्रान्समधला टेलिग्राफ इंजिनियर, त्याने हे १८८३ साली मांडलं. (जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने ३० वर्षं आधीच सिद्ध केलं होतं, ते असो.) ज्याला उघड्या टोकांवरचं व्होल्टेज आणि लोडखालचं (म्हणजे रिलेसारखं काही जोडल्यावरचं) व्होल्टेज यातला फरक कळत नाही, त्याने डिव्हायडरवर रिले चालवायला जाऊच नये. तिथे सरळ २४ व्होल्टचा रिले लागत होता, आणि शेवटी तोच बसवला. तुम्हीही नुसत्या पायऱ्या पाठ करू नका. डिव्हायडर दिसला की आधी बघा, मागचा थेवेनिन रेझिस्टन्स किती आणि लोडचा रेझिस्टन्स किती. लोड निदान दसपट हवा, तरीही व्होल्टेज नऊ टक्के पडतंच.

हे सगळं लिनियर सर्किटपुरतं, म्हणजे जिथे करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो तिथलं; डायोड आला की हे चालत नाही. डिपेंडंट सोर्स (ज्याची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या व्होल्टेज किंवा करंटवर ठरते) असेल तर तो शॉर्ट करू नका, बाहेरून टेस्ट सोर्स लावून रेझिस्टन्स काढा. आणि आतले रेझिस्टर किती तापतील ते या सोप्या केलेल्या सर्किटवरून काढू नका. त्यात लोड नसताना करंट शून्य येतो, आमच्या त्या डिव्हायडरमधून मात्र रिले काढला तरी १२ मिलिअँपिअर वाहतच होते.