खडपावर गरवायला जाताना मासे आणि बर्फ वाहून आणायला कोणती सॅक घ्यावी?

परदेशातले शिकारी हरणाचं मांस ज्या फ्रेमवाल्या (पाठीला कडक सांगाडा असलेल्या) सॅकमधून आणतात, तशी घेऊन खडपावरून, म्हणजे समुद्रकाठच्या खडकावरून, गरवलेले (गळाने पकडलेले) आठ-दहा किलो मासे पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून वर आणता येतील का, असा तुमचा प्रश्न आहे. फ्रेम कामाची आहे, पिशवी नाही. (आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो विषय सोडा.)

त्या सॅकची खरी गंमत फ्रेम आणि पिशवी यांच्यामधल्या जागेत आहे. मांस तिथे पट्ट्यांनी आवळतात, त्यामुळे वजन पाठीला चिकटून राहतं आणि कमरपट्ट्यावर उतरतं. थंड, कोरड्या हवेत मांस कापडी पिशवीत वारा लागेल असं ठेवलं की टिकतं. आपल्या दमट उकाड्यात मासळीला बर्फच हवा. म्हणून पिशवी काढून त्या जागी फ्रेमवर बर्फाची पेटी बांधा.

पेटीचं माप बर्फावरून ठरवा. किलोभर मासळीला किलोभर कुटलेला बर्फ धरा. सहा किलो मासे आणि सहा किलो बर्फ यांना वीस-बावीस लिटरची पेटी लागते. पेटी, फ्रेम, पाणी आणि सामान मिळून वजन वीस किलोच्या आसपास जातं. शेवाळ धरलेल्या खडकावर माझ्या मते हीच हद्द. दहा किलो मासे न्यायचेच असतील तर जोडीदार घ्या.

फूड डिलिव्हरीवाल्यांसारख्या चंदेरी अस्तराच्या बॅगा स्वस्त मिळतात, पण घेऊ नका. फोम पातळ, अस्तर शिवलेलं. टाक्यांतून बर्फाचं पाणी आत मुरतं आणि तो वास मग जात नाही. जाड थर्माकोलची पेटी, तिच्यावर वेल्डिंग केलेल्या जोडाची ताडपत्रीची, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी, एवढं पुरतं. पेटीच्या तळाशी बूच हवं. मासा वितळलेल्या पाण्यात बुडून राहिला की मऊ पडतो, म्हणून अधूनमधून पाणी सोडा. चेन असलीच तर जाड प्लास्टिकच्या दातांची. धातूची खाऱ्या हवेत अडकते.

अस्तर फाटतं ते बहुतेकदा काट्यांनी. तांबोशी, गोबरा यांचे पाठीवरचे काटे कात्रीने कापूनच आत ठेवा. शिंगाळ्याचे तिन्ही काटे विषारी. ते पक्कडीने आधी तोडा. कुठलाही मासा बर्फात ठेवण्याआधी कल्ल्याजवळ चीर देऊन बादलीत समुद्राच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवला की रक्त निघून जातं. पोट आणि कल्ले तिथेच काढले तर वजनही घटतं. बांगडा, सुरमई, कुपा उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. हे मासे गळावरून निघाले की लगेच बर्फात.

फ्रेम घेताना तुमच्या उंचीपेक्षा पाठीचं माप पाहा: मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. दुकानात पंधरा किलो तांदूळ बांधून चालून बघा. बहुतेक भार कमरेवर यायला हवा; खांद्याचे पट्टे फक्त सॅक मागे झुकू नये म्हणून असतात. गरवायचा रॉड दुमडून बाजूला बांधा, हात दोन्ही मोकळे पाहिजेत. पेटी कंबर ते खांदे एवढ्यातच बसवा. डोक्यावर गेली तर वाकल्यावर तोल जातो.

लाट येते अशा खडकावरून किंवा खाडीच्या पाण्यातून जाताना मात्र कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. पाय घसरून पाण्यात पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे, मासे गेले तरी बेहत्तर.

घरी आल्यावर फ्रेमसुद्धा गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमला स्टीलचे स्क्रू असतात तिथे मीठ साठून धातू आधी खाल्ला जातो. पेटी सोड्याच्या पाण्याने घासा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा.