आरोग्य-प्रश्नोत्तरे : प्रतिकारशक्ती वाढवली, तर यकृताची सूज उतरेल का?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 52 असून ते मद्य घेत नाहीत; तरीही तपासणीत त्यांच्या यकृतात चरबी, सूज आणि थोडे फायब्रोसिस आढळले. प्रतिकारशक्तीच्या पेशीच यकृताला इजा करत आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसरीकडे, माझ्या थोरल्या दिरांवर कर्करोगासाठी इम्युनोथेरपी सुरू आहे आणि तेथे या पेशींना बळ दिले जाते, असे समजते. नातेवाईक गुळवेलीचा काढा घेण्याचा आग्रह करीत आहेत. आम्ही नेमके काय समजावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याला सांगण्यात आलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या परस्परविरोधी वाटतात, कारण प्रतिकारशक्ती कमी किंवा जास्त असते, एवढाच विचार करण्याची आपल्याला सवय लागली आहे. प्रत्यक्षात या पेशी कोठे आहेत, आजूबाजूच्या पेशींकडून त्यांना कोणते संदेश मिळत आहेत आणि काम संपल्यावर त्या थांबतात की नाही, यावर सारे अवलंबून असते.

आधी यकृताकडे पाहू. शरीरातील महाभक्षी पेशींचा, म्हणजे मॅक्रोफेजचा, सर्वांत मोठा साठा यकृतात असतो. तेथे त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तातील जिवाणू व त्यांचे अवशेष टिपणे आणि जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी गिळणे हे त्यांचे रोजचे काम होय. यकृताच्या पेशींत चरबी साचून त्या मरू लागल्या की कुप्फर पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, त्या संदेशांमुळे रक्तातील मोनोसाइट पेशी यकृतात ओढल्या जातात आणि त्यांच्यापासून नवे मॅक्रोफेज तयार होतात. जखम लहान आणि तात्पुरती असेल, तर हा दाह उपकारक ठरतो. परंतु चरबीचा भार वर्षानुवर्षे कायम राहिला, तर मॅक्रोफेज टीजीएफ-बीटासारखी द्रव्ये सोडत राहतात, त्यामुळे यकृतातील तारकाकृती पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात आणि मऊ अवयव हळूहळू घट्ट होतो. हेच फायब्रोसिस, ते वाढत गेले की सिरॉसिस होतो आणि सिरॉसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक प्रयोग येथे सांगितलाच पाहिजे. एडिंबरा येथील संशोधकांनी 2005 मध्ये उंदरांवरील एक निरीक्षण प्रसिद्ध केले. यकृताला इजा सुरू असताना मॅक्रोफेज काढून टाकले, तेव्हा व्रण, म्हणजे फायब्रोसिसचे धागे, कमी झाले. मात्र इजा थांबल्यानंतर, यकृत सावरण्याच्या काळात ते काढून टाकले, तेव्हा आधी पडलेले व्रण विरघळेनासे झाले. व्रण घडवण्यास हातभार लावणारे मॅक्रोफेजच योग्य परिस्थितीत कोलॅजन तोडणारी विकरे तयार करतात, हे यातून स्पष्ट झाले. म्हणून आपल्या यजमानांच्या बाबतीत उपचाराचे लक्ष्य या पेशी नसून त्यांना चेतवणारे कारण आहे. वजन जास्त असल्यास ते सुमारे 10 टक्क्यांनी उतरवले, तर दाह ओसरतो आणि अनेक रुग्णांत फायब्रोसिसही मागे हटते. मधुमेह असल्यास त्याचे नियंत्रण आणि हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी तितकीच आवश्यक आहे.

काढ्याबद्दल मी स्पष्टच लिहितो : तो देऊ नये. कोविडच्या पहिल्या वर्षात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. त्यानंतर देशातील अनेक केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातील बहुसंख्य रुग्णांत प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखी लक्षणे दिसली. ज्या यकृतात दाह आधीच आहे, तेथे हा धोका पत्करण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

आता आपल्या दिरांविषयी. गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे रुडॉल्फ फिर्शो यांनी 1863 मध्येच नोंदवले होते, परंतु त्या सर्व गाठीविरुद्ध लढत नाहीत. टी पेशी या प्रकारच्या पांढऱ्या पेशी कर्कपेशींना ओळखून मारू शकतात. गाठीकडे ओढले गेलेले अनेक मॅक्रोफेज मात्र तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि टी पेशींना दडपतात. शिवाय, टी पेशींना आवरणारे जे नैसर्गिक लगाम असतात, त्यांचाच फायदा कर्कपेशी घेतात. ते लगाम सैल करणाऱ्या इम्युनोथेरपीचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. लगाम सैल झाले की आतडी, थायरॉइड, फुप्फुसे, यकृत आणि क्वचित हृदय यांनाही दाह होऊ शकतो. म्हणून जुलाब, धाप, कावीळ किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास दिरांनी पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. अशा वेळी दाह आवरण्यासाठी बहुधा स्टेरॉइड दिली जातात.

प्रश्न : भारतात विकसित झालेली कार-टी उपचारपद्धती स्तनाच्या कर्करोगासाठी मिळेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : सध्या नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात रुग्णाच्याच टी पेशींत बदल करून त्या बी पेशींवरील (याही पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) सीडी19 या प्रथिनाला ओळखतील अशा केल्या जातात. त्यामुळे त्यांचा उपयोग बी पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमिया या कर्करोगांपुरता आहे. स्तनाच्या गाठीत असे सोयीचे लक्ष्य सापडणे कठीण असते आणि वर सांगितलेले मॅक्रोफेज आत शिरलेल्या टी पेशींना निष्प्रभ करतात. या उपचारानंतर येणारा तीव्र ताप व रक्तदाबातील घसरण यांमागेही मॅक्रोफेजनी सोडलेल्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो, म्हणून तो अनुभवी केंद्रातच घ्यावा लागतो. आपल्या रुग्णाच्या गाठीचा हार्मोन व हर-2 (कर्कपेशींवरील एक प्रथिन) यांचा अहवाल हाती असल्यास, कोणते प्रस्थापित उपचार लागू पडतात हे त्यावरून ठरवता येईल. तो अहवाल घेऊनच तज्ज्ञांना भेटावे.