काटा खाली दिसला म्हणून गॅस घालू नका

एसीच्या कामावर उस्ताद सक्शनचा पाइप (गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारा) मुठीत धरतात, "गार लागतोय, बास" म्हणतात आणि गॅस भरणं थांबवतात, हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. सहा महिन्यांचा कोर्स झाला, सात महिने हेल्परी चालू आहे, हातात फक्त शिडी आणि फिल्टर, आणि आता व्हीआरएफचा (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या एसीचा) मोठा कोर्स करावा की नोकरी सोडावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी याच जागी होतो. फरक एवढाच की मला गेज (गॅसचा दाब काट्याने दाखवणारं यंत्र) लवकर हातात मिळालं आणि ते आपल्याला वाचता येतं असा माझा समज झाला. त्या समजापायी माझी दोन वर्षं गेली.

आधी एक सांगून ठेवतो. मी रेफ्रिजरेशनच्या बाजूचा माणूस, म्हणजे शीतखोल्या, डिस्प्ले केस, बर्फाची यंत्रं. एसीही केले, पण पोट भरलं ते यावर, त्यामुळे माझं मत तिकडे झुकलेलं असणार. फ्लेअर मारणं (जोडण्यासाठी पाइपाचं तोंड पसरवणं), टॉर्चची ज्योत लावणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

कामाला लागून दीड वर्ष झालं होतं. औषधं ठेवायची शीतखोली, आत २ ते ८ अंश सेल्सिअस राखायचं, गॅस आर-४०४ए. पाइपिंग पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं. ब्रेझिंगचे (टॉर्चने तापवून, वर धातू वितळवून जोडायचे) सतरा जॉइंट. नायट्रोजनचा सिलिंडर साइटवर होता, पण रेग्युलेटर दुसऱ्या साइटवर गेलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली चालू करून द्यायची होती. मी नायट्रोजन न सोडताच सतराच्या सतरा जॉइंट मारले. बाहेरून एकेक जॉइंट बघण्यासारखा झाला होता. सकाळी रेग्युलेटर आला, प्रेशर टेस्ट केली, लिकेज एकही नाही. मग घड्याळ लावून अर्धा तास व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा) चालवला, काटा पार तळाला. गॅस भरला, खोली ४ अंशांवर आली, सही झाली.

आठ आठवड्यांनी फोन आला, खोली ९ च्या खाली उतरत नाही. गेज लावलं तर सक्शन कमी. मी गॅस घातला. जरा सुधारलं. दहा दिवसांनी परत तेच, परत गॅस. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळून बॉडीला लागलेलं होतं. नवा कॉम्प्रेसर बसवला, नेहमीचा एक ड्रायर (ओल आणि कचरा धरणारा फिल्टर) टाकला आणि परत काटा बघूनच गॅस भरला. तीन आठवड्यांत तोही गेला. त्या रात्री खोक्यांमागून खोकी उचलून सगळी औषधं दुसरीकडे हलवावी लागली. ती हलवणाऱ्यांत मीही होतो.

मग कंपनीने एका जुन्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आल्याआल्या मला विचारलं, "गॅस घालताना साइट ग्लास कशी दिसत होती?" साइट ग्लास म्हणजे लिक्विडच्या पाइपावरची काचेची खिडकी, गॅस कमी असेल तर तिच्यात बुडबुडे दिसतात. मी सांगितलं, भरलेली, एक बुडबुडा नव्हता. "मग गॅस कमी आहे हे कशावरून ठरवलंस?" सक्शन कमी होतं, एवढंच माझ्याकडे होतं.

त्याने सिस्टिममधला गॅस काढून घेतला आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. चालू करताना भरलेल्या वजनाच्या जवळजवळ दीडपट निघाला. मग ड्रायर काढला, ट्यूब कटर फिरवून त्याचं टोक कापलं आणि पांढऱ्या कागदावर ठोकला. काळे, पातळ, चुरचुरीत पापुद्रे पडले. मी एक उचलून चोळला तर बोट काळं झालं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये लिक्विड मोजून सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडाची बारीक जाळी तर त्या काळ्या चुऱ्याने पार बुजली होती. आणि साइट ग्लासमधला ओल दाखवणारा ठिपका पिवळा झाला होता. बहुतेक साइट ग्लासमध्ये हिरवा म्हणजे कोरडं आणि पिवळा म्हणजे आत ओल. मी त्या ठिपक्यासमोर दोनदा गॅस घातला होता.

झालं काय ते नीट सांगतो. तांबं ब्रेझिंगच्या तापमानाला हवेत तापलं की आतून कॉपर ऑक्साइडचा काळा थर धरतो. पाइपातून नायट्रोजनची मंद धार, मिनिटाला एक-दीड लिटर, सोडली तर आत ऑक्सिजन राहत नाही आणि पाइप आतून स्वच्छ राहतो. मी ती सोडली नव्हती. आर-४०४ए सारख्या एचएफसी गॅसबरोबर चालणारं पीओई तेल (कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल) हा थर सोडवून काढतं, तो फिरत फिरत जाळीत अडकतो. व्हॉल्व्हमधून कमी लिक्विड गेलं की सक्शन पडतं. कॉम्प्रेसरची मोटर सक्शनच्या गॅसवरच थंड होते, तो गॅसच कमी, म्हणून ती तापते. वर मी घातलेल्या जादा गॅसने रिसीव्हर (लिक्विड साठवायची टाकी) भरला, लिक्विड कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलमध्ये) चढलं, हेड प्रेशर (कॉम्प्रेसरच्या पुढचा दाब) वाढलं. त्यात अर्धवट व्हॅक्यूममुळे ओल राहिलेली. पीओई तेल पाणी ओढून घेतं आणि उष्णतेत त्याचं आम्ल होतं. दुसरा कॉम्प्रेसर मी त्याच आम्लात बसवला. जळालेल्या कॉम्प्रेसरनंतर तेलाची आम्ल चाचणी, सक्शन लाइनला बर्नआउटचा (आम्ल शोषणारा) ड्रायर, आणि आम्ल निघेपर्यंत ड्रायर बदलत राहणं, यातलं काहीही मी केलं नव्हतं. मला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दीड वर्ष परत हेल्परीवर होतो. त्या काळात टॉर्च हातात मिळाली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, सक्शन कमी म्हणजे गॅस कमी हे डोक्यातून काढून टाका. सुपरहीट म्हणजे गॅस उकळायच्या तापमानापेक्षा सक्शनचा पाइप किती अंश गरम, आणि सबकूलिंग म्हणजे गॅसचं लिक्विड होण्याच्या तापमानापेक्षा लिक्विडचा पाइप किती अंश गार. सक्शन कमी, सुपरहीट जास्त आणि सबकूलिंग कमी असेल तर गॅस कमी. सक्शन कमी, सुपरहीट जास्त, पण सबकूलिंग भरपूर किंवा साइट ग्लास भरलेली असेल तर वाटेत कुठेतरी चोकअप. सक्शन कमी आणि सुपरहीटही कमी असेल तर कॉइलवर हवा कमी, म्हणजे फिल्टर, ब्लोअर, बर्फ बघा. (अपवाद असतात, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कॅपिलरी (त्याच कामाची बारीक नळी) यांचं वागणं वेगळं असतं. पण सुरुवात इथून करा.) मुठीत धरलेला पाइप तिन्ही वेळा गारच लागतो. आणि काट्याचं काय? ११८ पीएसआय दाबाला आर-४१०ए साधारण साडेचार अंशांवर उकळतो, तोच काटा आर-२२ ला २० अंशांच्या आसपास. म्हणजे गॅस कोणता आणि पाइपाचं तापमान किती, हे माहीत नसेल तर काटा काहीच सांगत नाही.

व्हॅक्यूमचंही तसंच. घड्याळावर व्हॅक्यूम होत नसतं. मॅनिफोल्डच्या (गेजच्या जोडसंचाच्या) डायलवर ५००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन एकाच जागी दिसतात, आणि मायक्रॉन जितके कमी तितकं व्हॅक्यूम खोल. मायक्रॉन गेज पंपापाशी नाही, सिस्टिमच्या लांबच्या टोकाला लावा, ५०० च्या खाली न्या, व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करा आणि थांबा. आकडा ५०० च्या बराच वर चढून एका जागी टेकला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर लिकेज. सर्व्हिस व्हॉल्व्हमधली पिन काढून जाड नळी लावली तर निम्म्याहून कमी वेळ लागतो, आणि पंपाचं तेल गढूळ दिसलं की लगेच बदला.

आता कोर्सबद्दल, आणि इथे माझा जीव जळतो. मी जिथे शिकलो तिथे प्रॅक्टिकलच्या खोलीत नायट्रोजनचा सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलेला होता. वर्षभरात तो एकदाही उघडला नाही. वीस जणांत एक टॉर्च, तेच चार तुकडे परत परत जोडायचे, आणि जोडलेला तुकडा कापून आत बघायला कधी कोणी सांगितलं नाही. एकदा जरी कापून दाखवला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. संस्थेला मी नंतर लेखी कळवलं, प्रमाणपत्रावर प्रॅक्टिकलचे तास वेगळे लिहून द्या असंही मागितलं. "तशी पद्धत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. मुलांचं एक वर्ष घेता आणि त्यांनी किती तास टॉर्च धरली हे लिहून देत नाही, याचा राग मला आजही येतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: व्हीआरएफचा कोर्स आत्ता नको. तिथे लांब पाइपिंग, शाखा, शेकडो जॉइंट आणि खूप गॅस असतो, म्हणजे मी सतरा जॉइंटमध्ये केलेली चूक तिथे कितीतरी पट होते. आधी साधी एक इनडोअर, एक आउटडोअर अशी सिस्टिम मोजता येऊ द्या. पुढे कोर्स घ्याल तेव्हा जाहिरात वाचू नका, प्रॅक्टिकलच्या खोलीत जाऊन उभे राहा. मायक्रॉन गेज आहे का, नायट्रोजन चालू सोडून ब्रेझिंग होतं का, चालत्या यंत्रात मुद्दाम बिघाड घालून शोधायला देतात का, एका टॉर्चमागे किती मुलं, हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर परत फिरा.

नोकरी लगेच सोडू नका. उस्तादांशी वादही नको, त्यांचा हात वर्षानुवर्षांचा असतो आणि त्यांच्याकडे शिकण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त पाइपाला लावायचा क्लॅम्पचा थर्मामीटर स्वतःचा घ्या आणि वही ठेवा. ते गॅस घालायच्या आधी सक्शन, हेड, पाइपांची तापमानं, अँपिअर आणि बाहेरचं तापमान लिहा. गॅस घातल्यावर परत लिहा. "मला शिकायचंय म्हणून लिहितो" म्हटलं तर बहुतेक उस्ताद नाही म्हणत नाहीत. त्याच वहीत तारीख, काम आणि वरिष्ठाची सही घेत चला. काही देशांत परवान्यासाठी देखरेखीखाली केलेल्या कामाचा पुरावा लागतो आणि तो नंतर गोळा करता येत नाही. अमेरिकेत गॅस हाताळायला सेक्शन ६०८ चं प्रमाणपत्र लागतं, युरोपात एफ-गॅसचं. बाहेर जायचा विचार असेल तर तिथला नियम त्यांच्या सरकारी पानावरच तपासा, माझ्या किंवा एजंटच्या शब्दावर जाऊ नका. सहा महिन्यांनंतरही गाडीत ना नायट्रोजन ना मायक्रॉन गेज अशी स्थिती असेल, तर मात्र खुशाल दुसरीकडे बघा.

तीन गोष्टी विषयाबाहेरच्या, पण जिवाच्या. प्रेशर टेस्टला ऑक्सिजन कधीही वापरू नका, कोणीही सांगितलं तरी. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल मिळून स्फोट होतो. आणि २०१६ च्या किगाली करारानंतर (एचएफसी गॅस कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) कमी तापमानवाढीचे गॅस वेगाने येत आहेत. त्यातला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे सरळ प्रोपेन. जुनी सवय म्हणून लाइनमध्ये गॅस असताना टॉर्च लावली तर दुसरी संधी मिळत नाही. आधी गॅस काढून घ्या, नायट्रोजनने लाइन धुवा, जिथे जमेल तिथे जॉइंट कटरने सोडवा. आणि इन्व्हर्टर एसीच्या बोर्डवर वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असतो. थांबा, मीटरने बघा, मगच हात घाला.

आजच्या कामावर मिळालं तर एक वाया गेलेलं जोडकाम मागून घ्या आणि लांबीत कापून आत बघा. काळं निघालं तर फोटो टाका. पुढच्या सर्व्हिसचे गॅस घालायच्या आधीचे आकडे, गॅसचं नाव आणि आत कॅपिलरी आहे की एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, हेही त्याखाली लिहा. मी रात्री बघून काय दिसतंय ते सांगतो.