रिसीव्हर टॅकलरला खरंच चुकवतो का, हे कसं पाहावं
अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेजच्या रिसीव्हरांचे, म्हणजे पास झेलून पळणाऱ्या पोरांचे, व्हिडिओ बघायला लागला आहेस, तर आधी हायलाइट बंद कर. फसलेले डाव त्यात नसतातच. पूर्ण सामना बघ आणि चेंडू हातात आला तेव्हा पहिला टॅकलर, म्हणजे त्याला पाडायला येणारा, कुठे होता, एवढंच टिपून ठेव. तो समोर दोन-तीन यार्डांवर तोल सांभाळून उभा असताना पोरगा निसटला, तर ते खरं कौशल्य. स्क्रीन पासवर (पुढे ब्लॉकर उभे करून दिलेला आखूड पास) मिळालेले वीस यार्ड बरेचदा ब्लॉकरची, म्हणजे वाट मोकळी करणाऱ्या सहकाऱ्यांची, कमाई असते. त्यामुळे फक्त झेलानंतरच्या यार्डांवर विसंबू नकोस. दर झेलामागे किती टॅकल हुकवले, ते मोज.

मग पाय बघ. एका पावलात वळून लगेच वेग पकडणारा मला कधीही जास्त आवडतो. जागेवर नाचणाऱ्याला तोवर मागून दुसरा गाठतो.

चाळीस यार्डांच्या धावेवर भाळू नकोस. 2017च्या कंबाइनमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगची निवडीआधीची चाचणी) जॉन रॉस 4.22 सेकंदांत धावला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या खेळाडू-निवडीत, नववा निवडला गेला. कूपर कपला 4.62 सेकंद लागले, तो तिसऱ्या फेरीत गेला. 2021 मध्ये त्याच कपने 1,947 यार्ड काढले. (रॉसला दुखापतींनी छळलं, हेही खरं.)

आणि एनएफएलमधल्या डीबो सॅम्युएल या रिसीव्हरसारखे खेळाडू विसरू नकोस. ते अनेकदा बगल देतच नाहीत, धडक अंगावर घेऊन पुढे पळतात. तेही निसटणंच आहे. फक्त असा पोरगा दुबळ्या संघांविरुद्धच चमकतोय का, ते वेळापत्रक उघडून तपास.