वाचक विचारतात: ब्राशोवला एका दिवसाची खासगी सहल घ्यावी का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचा धाकटा मुलगा रोमानियात, बुखारेस्टला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे जातोय. त्याला आमच्याबरोबर फिरायला एकच शनिवार मिळणार आहे. तिथल्या एका एजन्सीने खासगी गाडी आणि गाइड देऊन ‘पेलेश राजवाडा, ब्रानचा किल्ला आणि ब्राशोव शहर’ अशी सकाळी आठ ते रात्री आठ सहल सुचवली आहे. पैसे बरेच सांगतात. घ्यावी का? यजमानांना किल्ल्यांचं वेड आहे, माझे गुडघे मात्र आता साथ देत नाहीत. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आणि लेकीच्या मुलाने बजावलंय, ड्रॅक्युलाचं घर बघितल्याशिवाय परत येऊ नका! – सौ. वि. दे., नाशिक

उत्तर : वि.ताई, ही सहल घेऊ नका. खासगी गाइड मात्र जरूर घ्या.

आधी वेळेचा हिशेब बघा. बुखारेस्ट ते ब्राशोव साधारण १७० किलोमीटर. नकाशा अडीच-तीन तास दाखवतो. पण प्लोएश्ती मागे पडलं की रस्ता प्राहोवा नदीच्या खोऱ्यात शिरतो, आणि शनिवारी सकाळी निम्मं बुखारेस्ट त्याच वाटेने डोंगराकडे निघालेलं असतं. कोमार्निकच्या आसपास गाड्या अक्षरशः सरकतात. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत गेले, तर उरलेल्या पाच तासांत दोन किल्ले-राजवाडे, जेवण आणि एक आख्खं शहर! अशा सहलीत ब्राशोव बहुतेक वेळा शेवटी येतं. तोवर तुम्ही दमलेले आणि चर्चचं दार बंद. चौकात फोटो, आइस्क्रीम, चला गाडीत बसा. आम्ही बुखारेस्टला राहत होतो तेव्हा घरी येणारे पाहुणे असेच परत यायचे आणि विचारलं तर ‘छान होतं, रंगीत घरं होती’ एवढंच सांगायचे. मला फार वाईट वाटायचं. एवढं जुनं आणि एवढं बोलकं शहर, आणि त्याच्या वाट्याला काय, तर रंगीत घरं!

तुम्ही तीन आठवडे तिथे आहात. पेलेश आणि ब्रान दोघांनीच एखाद्या बुधवारी-गुरुवारी बघता येतील (सोमवार टाळा, तिकडची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद). मुलाबरोबरचा शनिवार पूर्ण ब्राशोवला द्या.

जाताना गारा दे नोर्द स्टेशनवरून सकाळची रेल्वे घ्या. गाडीनुसार अडीच-तीन तास लागतात. जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर बुचेजीचे कडे दिसतात, आणि बुश्तेनीच्या वर काराइमान डोंगरावर उभा केलेला मोठा लोखंडी क्रूस. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचं ते स्मारक आहे. पुढे प्रेदेआल, हजार मीटरच्या वरचं गाव, आणि मग उतार. आपल्याला कर्जत-लोणावळ्याची आठवण येते, फक्त मे महिन्यातही माथ्यावर बर्फाचे पट्टे असतात. ब्राशोवचं स्टेशन जुन्या शहरापासून दोन-तीन किलोमीटर दूर आहे, टॅक्सी करा.

आता गाइड. ब्राशोवमध्येच राहणारा गाइड, तीन-चार तासांसाठी, पायी फिरवणारा. बुखारेस्टहून दिवसभर गाडी आणि माणूस घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. रोमानियात गाइडला सरकारी परवाना लागतो आणि त्याचं ओळखपत्र त्याच्याजवळ असतं, ते आधीच विचारून घ्या. ‘खासगी सहल’ म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा फक्त इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर असतो. माणूस भला असतो, रस्त्यात गप्पाही मारतो, पण चर्चच्या दाराशी सोडून ‘मी पार्किंगमध्ये थांबतो’ म्हणतो. तिकिटं धरून दर आहे का, तेही लेखी घ्या.

आणि गाइडला आधी दोन ओळी लिहा. काहीच लिहिलं नाही तर तो सगळ्यांना दाखवतो तेच दाखवेल. साधारण असं लिहा: ‘आम्हाला तटाच्या आतलं आणि तटाच्या बाहेरचं, अशी दोन्ही गावं बघायची आहेत. श्केईला नक्की जायचं. चालणं सपाटीवरचं हवं, मध्ये बसायला वेळ हवा.’

हे तटाचं का म्हणते, सांगते. १३ व्या शतकाच्या सुरुवातीला ट्युटॉनिक सरदारांना (जर्मन धर्मयोद्ध्यांना) इथली सरहद्द राखायला बोलावलं, आणि जर्मन भाषिक वस्ती वाढली. त्यांना सॅक्सन म्हणतात. शहराचं जर्मन नाव क्रोनश्टाट, हंगेरियन नाव ब्राश्शो. व्यापार हातात असल्याने सॅक्सन श्रीमंत झाले आणि तुर्कांच्या भीतीने त्यांनी शहराभोवती तट बांधला. एकेक बुरूज एकेका कारागीर संघाकडे सोपवलेला: विणकरांचा बुरूज, लोहारांचा बुरूज. डागडुजी त्यांनी करायची, वेढा पडला तर लढायचंही त्यांनीच. तुमच्या यजमानांना हे ऐकून फार बरं वाटेल. गडाची जबाबदारी कशी वाटून द्यायची, याचा हा अगदी वेगळा नमुना आहे. तटाच्या कडेने ‘दुपा झिदुरी’ नावाची वाट ओढ्याला धरून जाते, जवळजवळ सपाट. तिथून तट हाताशी येतो आणि वर टेकडीवर पांढरा आणि काळा असे दोन बुरूज दिसतात. पांढऱ्या बुरुजाला पायऱ्या पुष्कळ आहेत. त्यांना चढू दे, तुम्ही खाली बाकावर बसा.

रोमानियन लोक राहायचे तटाबाहेर, श्केईमध्ये. शतकानुशतकं त्यांना तटाच्या आत घर घेता येत नव्हतं. माल विकायला आत यायचं ते वेशीतून, ठरलेल्या वेळी, जकात भरून. १५५९ ची कॅथरिन वेस अजून उभी आहे, वर चार छोटे मनोरे असलेली. त्या मनोऱ्यांचा अर्थ गाइडला विचारा. सांगतात ते असं की, शिक्षा देण्याचा अधिकार या शहराला होता, याची ती खूण. वेशीतून बाहेर पडून श्केईकडे चालू लागलं की घरं बुटकी होतात, गल्ल्या डोंगराकडे वळतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत संत निकोलाचं चर्च येतं. त्याच्या आवारात पहिली रोमानियन शाळा आहे, आता संग्रहालय. कोरेसी नावाच्या मुद्रकाने १५६० च्या सुमारास ब्राशोवमध्ये रोमानियन भाषेतली पुस्तकं छापली. ती परंपरा तिथे डोळ्यांसमोर येते. ज्यांना आत घर नव्हतं, त्यांच्या भाषेची पुस्तकं याच गावात छापली गेली. तीन देशांच्या सहलीत इथवर कोणी येत नाही, आणि माझ्या मते ब्राशोवला जायचं ते इथे येण्यासाठी.

रोमानियन भाषेतलं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं पत्रही ब्राशोवलाच आलेलं. १५२१ मध्ये किंपुलुंगच्या न्याक्शु नावाच्या व्यापाऱ्याने शहराचे प्रमुख हान्स बेंकनर यांना लिहून कळवलं की सुलतानाची फौज सोफियाहून निघाली आहे आणि जहाजं डॅन्यूबमधून वर येताहेत. साधं खबरीचं पत्र! व्यापारी गावोगाव हिंडायचा, बातमी त्याला आधी लागायची. असा कागद जपला गेला, कारण सॅक्सन लोकांनी दफ्तर नीट सांभाळलं.

आत मुख्य चौकात १४२० चं नगरगृह आहे, तिथे मिनिटभर थांबा आणि काळ्या चर्चमध्ये मात्र तासभर द्या. १४ व्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि सुमारे शंभर वर्षं चाललं. १६८९ च्या आगीत शहर जळालं, भिंती काळवंडल्या, म्हणून हे नाव असं सांगतात. आत गेल्यावर वर बघा. सज्जांच्या कठड्यांवरून तुर्की गालिचे लोंबतात, लाल, पिवळसर, मातकट. अनातोलियातून आलेला माल ब्राशोवच्या जकातीवरून जायचा, आणि व्यापारी आणि संघ आपल्या चर्चला गालिचे देत. त्यांतले काही नमाजाचे आहेत. मध्यभागी कमान असते, टोकदार, मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासारखी. ज्या तुर्कांच्या भीतीने तट बांधला, त्यांच्याच देशातले नमाजाचे गालिचे ल्युथरन चर्चमध्ये, आणि तेही मोठ्या मानाने! अशा गालिच्यांचे इतके मोठे संग्रह युरोपात मोजकेच आहेत. एका गालिच्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहा, विणकरीची नजर असेल तर जास्तच. मुलाला सांगा, बाहेर पडल्यावर उत्तरेकडच्या भिंतीच्या वर, कडेला वाकून खाली बघणारं एका मुलाचं छोटं शिल्प शोध. त्याच्याविषयी एक दंतकथा आहे, ती गाइडकडूनच ऐका.

विसाव्या शतकाविषयीही विचारायला विसरू नका. १९५० ते १९६० या शहराचं नाव ‘ओराशुल स्टालिन’ होतं. १५ नोव्हेंबर १९८७ ला इथल्या ट्रक कारखान्याचे कामगार पगारकपात आणि उपासमारीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीत घुसले. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट पडायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. गाइड पन्नाशीचा असेल तर त्याच्या घरातली आठवण निघेल. मला तरी कोणी निरुत्तर राहिलेलं आठवत नाही.

गुडघ्यांसाठी: जुनं शहर बरंचसं सपाट आहे, पण फरसबंदी खडबडीत. पायात जाड तळव्याचे बूट घाला. तिंपा डोंगरावर रोपवे जातो, तो सुरू आहे का ते आदल्या दिवशी विचारा. पायी वर जाऊ नका. चढ आहे आणि त्या जंगलात अस्वलं खरोखरच आहेत.

जेवणासाठी: ‘दे पोस्त’ हे दोन शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडं, दूध काही नसतं, आणि हॉटेलात हे शब्द सगळ्यांना कळतात. मासे मात्र काही दिवस चालतात, ते वेगळं विचारा. झाकुस्का (भाजलेली वांगी आणि सिमला मिरची), फासोले बातुता (वाटलेला घेवडा, वर तळलेला कांदा), मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाचं पिठल्यासारखं घट्ट, वर चीज आणि साय घेऊन (ही मग ‘दे पोस्त’ नाही, पण तुम्हाला चालेल). वांग्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मेयोनेज असतं, म्हणजे अंडं. घेवड्याच्या सूपमध्ये धुरी दिलेलं मांस. आणि पापानाशी नावाचं गोड फार सुंदर दिसतं, पण त्यात अंडं असतं.

राहिला नातू. ब्रानचा किल्ला ब्राशोवपासून तीसेक किलोमीटरवर. १३७७ च्या सनदेने ब्राशोवच्या सॅक्सनांना तो स्वखर्चाने बांधायची परवानगी मिळाली, म्हणजे तो मुळात खिंड राखायला आणि जकात घ्यायला. ज्याच्यावरून ड्रॅक्युला हे नाव आलं तो पंधराव्या शतकातला राजा व्लाद त्सेपेश तिथे राहत नव्हता, आणि ज्या कादंबरीने ड्रॅक्युलाचं नाव जगभर नेलं तिचा लेखक रोमानियात कधी गेलाच नाही. व्लादचा खरा संबंध ब्राशोवशी आहे. व्यापाराच्या भांडणातून त्याने इथल्या परिसरावर धाडी घातल्या, सॅक्सन व्यापाऱ्यांना सुळावर दिलं, आणि त्याच्या क्रौर्याच्या कहाण्या जर्मन छापील पत्रकांतून युरोपभर पसरल्या. नातवाला हे सांगा, ब्रानच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या दातांपेक्षा त्याला हे आवडेल. ब्रानला आत जिने अरुंद आणि उंच आहेत, तुम्ही अंगणातूनच बघा.

प्रश्न : बुखारेस्टहून एका दिवसात सिगिशोआरा करून यायचं आहे. खासगी गाडीवाला ‘होईल’ म्हणतो. – रा. कु., फ्रँकफर्ट

उत्तर : होईल, पण करू नका. एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरच्या जवळ जातं आणि रस्ता डोंगरातला. ब्राशोवला मुक्काम करून तिथून गेलात तर तोच दिवस निवांत होतो. सिगिशोआराचा टेकडीवरचा कोट युनेस्कोच्या यादीत आहे आणि आजही त्यात लोक राहतात. संध्याकाळी सहलीच्या बस गेल्यावर तो खरा बघावा. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढा, आणि शाळेकडे जाणारा १६४२ चा लाकडी छपराचा जिना चुकवू नका. हिवाळ्यात मुलांना पावसा-बर्फातून जावं लागू नये म्हणून तो झाकलेला आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. रोमानियासाठी वेगळा लागेल का? – सौ. मृ. ना., पणजी

उत्तर : आता नाही. विमानतळ आणि बंदरांवरची तपासणी मार्च २०२४ मध्ये उठली आणि जमिनीवरची १ जानेवारी २०२५ पासून. पण त्यामुळे रोमानियातले दिवसही तुमच्या १८० पैकी ९० दिवसांत मोजले जातात, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर शेंगेनच्या बाहेर, म्हणजे उदाहरणार्थ सर्बियात, जाऊन परत येता येणार नाही. पैसे लेउमध्ये चालतात, युरो सगळीकडे घेत नाहीत. श्केईच्या शाळेसारख्या छोट्या ठिकाणांच्या तिकिटासाठी थोडी रोख जवळ ठेवा.