मुंबईत आईसाठी केअर होम बघतोय. सुरक्षितता आणि व्यवस्थापनाची कोणती मानकं तपासावीत?

तुम्ही लिहिलंय की बघितलेल्या जागेत सीसीटीव्ही आहे, ग्रिलला कायम कुलूप असतं, म्हणून सुरक्षित वाटली. मानकांचं नंतर सांगते, आधी त्या कुलपाचं बोलू.

माझे बाबा चारकोपला रो हाऊसमधल्या एका केअर सेंटरमध्ये होते. नाव घेत नाही. त्यांना पार्किन्सन होता. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माहीत असतं, सिंडोपा या गोळीची वेळ म्हणजे वेळ. उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात आणि माणूस वळताना कोसळतो. शिवाय गोळी जेवणाच्या आधी घ्यावी लागते, कारण डाळ-दुधातलं प्रोटीन तिच्या आड येतं. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मी त्यांच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. तिथली पद्धत मात्र अशी, की सगळ्यांच्या रात्रीच्या गोळ्या एका ट्रेमधून, वरणभातासोबत. मावशी एकच, त्यांना तेच सोयीचं.

अर्थातच बाबा पडायला लागले. त्यावर सेंटरने काय उपाय काढला ते मला एका रात्री कळलं. डोळ्यांचे ड्रॉप्स संपले होते म्हणून ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. मावशी ग्रिलच्या आतून म्हणाल्या, "ताई, चावी सरांकडे असते." सर राहायला दहिसरला. ते स्कूटरवरून येईपर्यंत मी बाहेर आणि वरच्या मजल्यावरची सगळी म्हातारी माणसं आत, कुलूपबंद. आत गेले तर बाबांच्या कमरेभोवती बांधणीची जुनी ओढणी, आणि गाठ कॉटच्या खाली, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी. इतकी घट्ट, की मला दातांनी सोडवावी लागली. सरांवर माझा आवाज चढला तेव्हा बाबा म्हणाले, "आधी लघवीला ने, मग भांड."

सरांनी शांतपणे फाईल काढली. ॲडमिशन फॉर्मवर बारीक अक्षरात ओळ होती, 'रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेव्हा बेडला बांधण्यास संमती'. खाली माझ्या मोठ्या भावाची सही. दादा आजही म्हणतो, बांधलं म्हणून हाड मोडलं नाही. अरे, गोळी वेळेवर दिली असती तर बांधायची वेळच आली नसती! २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मनोरुग्णालयालासुद्धा असं सर्रास बांधू देत नाही. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि गरजेपुरताच वेळ. आणि २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली माणसं जागची हलू शकली नाहीत, २८ जण गेले. हे मी दादाला सांगितलं तर म्हणे, तू टोकाचं बोलतेस.

आता तुमची मानकं. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण त्यातलं वृद्धाश्रमांचं कलम निराधारांसाठी आहे: जिल्ह्याला निदान एक, किमान १५० जणांची सोय. पैसे घेऊन चालणाऱ्या केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होता, पण ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, ते फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला लागू. रो हाऊसमध्ये खाटा टाकून बसलेल्याला त्याचं काय? तेव्हा 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड' असं कुणी म्हणालं तर कशासाठी, कुठल्या कायद्याखाली, ते कागदावर दाखवायला सांगा. नाकात नळी, ऑक्सिजन, सलाईन असे पेशंट ठेवत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी आहे का विचारा. आगीचं एक मात्र पक्कं: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा चालू असल्याचा दाखला, फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. शेवटचा मागा. लोक विषय बदलतात ते बघण्यासारखं असतं.

बाकी बाथरूममधले दांडे, न घसरणाऱ्या लाद्या हे तुम्ही बघालच. माझं एकच: रात्री दहानंतर न सांगता जा. ड्युटीवर किती माणसं आणि चावी कुणाच्या कंबरेला, हे दोन प्रश्न. गोळ्यांचा तक्ता मागा, त्यावर वेळ आणि देणाऱ्याची सही हवी. सगळ्या सह्या एकाच पेनाने एका दमात केलेल्या दिसल्या तर निघा.

सगळीच सेंटरं अशी नसतात, हेही सांगायला हवं. बाबांना नंतर बोरिवलीला ठेवलं तिथे रंग उडालेला, टीव्ही बंद, पण गोळी घड्याळाच्या काट्यावर. आणि त्या मावशींवर माझा राग नाही, बारा तासांच्या ड्युटीत एकट्या बाईने करायचं तरी काय. तक्रार करायची झाली तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे. आईचं डोकं शाबूत असेल तर जागा तिला दाखवूनच ठरवा, आम्ही बाबांना विचारलं होतं.

आणि फॉर्म घरी आणून वाचा. बांधण्याची ओळ असली तर पेनाने खोडा, शेजारी सही करा, झेरॉक्स ठेवा. मोठा भाऊ असेल तर त्याला पार्किंग शोधायला पाठवा, सही तुम्ही करा.